शेवटच्या घटकेचा निर्णय कोणाचा?



चालकांनी आम्हांस निमंत्रण दिले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, हा युनियनचा माणूस किमान वेतनावर बोलेल, कंत्राटी पद्धतीवर बोलेल, फार तर बोनसवर बोलेल. आम्ही विषय कळविला तो मरणाचा. आंब्याच्या दिवसांत, संध्याकाळच्या गार वाऱ्याला बसलेल्या श्रोत्यांपुढे हा विषय काढणे बरे दिसत नाही, हे आम्हांस कळते. पण ज्या विषयावर घरात कोणी बोलू देत नाही, तो बोलण्यासाठीच सार्वजनिक व्यासपीठ असते, अशी आमची समजूत आहे.

आम्ही डॉक्टर नाही, वकील नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि वीज कामगारांच्या संघटनेच्या कामात झाले. तीस वर्षांत आम्ही इस्पितळांच्या पायऱ्या जितक्या झिजविल्या, तितक्या लेबर ऑफिसच्याही झिजविल्या नाहीत. खांबावरून पडलेला, तारेला चिकटलेला, भाजलेला माणूस घेऊन रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीच्या दारात उभे राहावयाचे, हा आमच्या कामाचा नेहमीचा भाग आहे. त्या दारात जे निर्णय होतात, ते कोण घेतो आणि कशाच्या आधारावर घेतो, एवढाच आजचा विषय.

कोणत्याही वीज सबस्टेशनात गेलात तर भिंतीवर एक तक्ता दिसेल. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला शुद्धीवर कसे आणावे, याच्या सूचना त्यावर चित्रांसह असतात. हा तक्ता कोणी हौसेने लावलेला नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी तो बंधनकारक केला, आणि तो जिल्ह्याच्या भाषेतही असला पाहिजे असे सांगितले. आमच्या माणसांना तो तोंडपाठ असतो, कारण तारेवरच्या माणसाचे हृदय थांबले तर डॉक्टर येईपर्यंत त्याचा डॉक्टर म्हणजे त्याचा जोडीदारच.

या तक्त्याचा इतिहास पाहण्याजोगा आहे. छाती दाबून थांबलेले हृदय चालू करण्याची जी रीत आज जगभर सी.पी.आर. या नावाने चालते, तिचा उगम वीज कामगारांच्या मरणात आहे. अमेरिकेत वीज नवी होती तेव्हा तारांवर काम करणारे कामगार धक्क्याने पटापट मरत. कंपन्यांनी संशोधनास पैसा दिला. बाल्टिमोर शहरातील जॉन्स हॉपकिन्स संस्थेत विल्यम कौवेनहोव्हेन नावाचे गृहस्थ या प्रश्नामागे लागले. ते डॉक्टर नव्हते. विजेचे इंजिनियर होते. कुत्र्यांवर प्रयोग चालू असता त्यांच्या हाताखालच्या निकरबॉकर या तरुण इंजिनियराच्या लक्षात आले की, विजेचा झटका देण्यासाठी छातीवर जड तबकड्या दाबल्या की रक्ताचा दाब वर जातो. म्हणजे छाती न उघडता, नुसत्या हातांनी दाबून, थांबलेल्या हृदयातून रक्त पुढे ढकलता येते. ज्यूड नावाच्या शल्यवैद्याला बरोबर घेऊन या तिघांनी १९६० साली आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी २० रोग्यांची हकीकत दिली होती. त्यांतील १४ वाचले होते.

ज्या माणसांसाठी ही रीत शोधली गेली, ती एरवी धडधाकट होती. खांबावरचा लाईनमन, किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी भूल चढून हृदय थांबलेला रोगी. दोघांच्याही बाबतीत हृदय थांबणे हा अपघात होता. अपघात दुरुस्त केला की माणूस परत येतो.

पण साधन हाती आले की त्याचा वापर वाढतो. थोड्याच वर्षांत इस्पितळात ज्याचे ज्याचे हृदय थांबेल त्या प्रत्येकाची छाती दाबण्याची वहिवाट पडली. हाडापर्यंत कर्करोग पोचलेला रोगी, नव्वदीची आजीबाई, मूत्रपिंड आणि यकृत दोन्ही गेलेला माणूस. यांचे हृदय थांबणे हा अपघात नव्हे. तो दीर्घ आजाराचा शेवट असतो. तेथे छाती दाबणे म्हणजे काय, हे एकदा स्पष्ट सांगितले पाहिजे. मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन इंच खोल, सर्व भार देऊन दाबावे लागते. म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या मोडतात. घशात नळी घालावी लागते, विजेचे झटके द्यावे लागतात. सिनेमात रोगी खोकून उठून बसतो. प्रत्यक्षात, अमेरिकेसारख्या सुसज्ज देशातही इस्पितळाबाहेर हृदय थांबलेल्या दहांपैकी सुमारे एकच जिवंत घरी जातो, आणि इस्पितळात असताना थांबले तर चार-पाचांतला एक. असाध्य आजाराच्या अखेरच्या टप्प्यावर तर आशा फारच थोडी. आणि मेंदूला चारसहा मिनिटे रक्त मिळाले नाही तर जो परत येतो, तो पूर्वीचा माणूस असतोच असे नाही.

यातूनच एक उलटी सूचना निघाली. ‘या रोग्याचे हृदय थांबले तर ते पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करू नये.’ तिलाच डी.एन.आर. म्हणतात. असे निर्णय केसपेपरवर स्पष्ट लिहावेत, असे अमेरिकेच्या हृदयरोगविषयक संस्थेने १९७४ साली सांगितले, आणि १९७६ पासून तेथील मोठ्या रुग्णालयांनी आपले नियम छापले. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या विषयावरील मार्गदर्शक सूचना २०२० साली प्रसिद्ध केल्या.

आता आमचा पहिला मुद्दा. ही सूचना एका कलमाची आहे. हृदय किंवा श्वास बंद पडल्यावर छाती दाबू नये, कृत्रिम श्वास देऊ नये, एवढेच ती सांगते. औषध देऊ नये, सलाईन लावू नये, ऑक्सिजन देऊ नये, जखम शिवू नये, असे ती कोठेही सांगत नाही. परिषदेच्या सूचनांतही हे निःसंदिग्ध आहे की, बाकीचे योग्य उपचार चालूच राहावयाचे. आम्ही करारनामे वाचण्यात हयात घालविली. करारात ‘रात्रपाळीचा भत्ता बंद’ असे लिहिले म्हणून कोणी पगार बंद केला तर आम्ही गप्प बसत नाही. आणि संपाच्या दिवशीही कारखान्याच्या बॉयलरवरचा माणूस आम्ही खाली उतरवीत नाही. एका गोष्टीला ‘नको’ म्हणणे म्हणजे सगळ्याला ‘नको’ म्हणणे नव्हे.

हे पुस्तकात सोपे आहे. रात्री दोन वाजता वॉर्डात सोपे नसते. आमच्या एका सभासदाच्या पत्नीचा मध्यरात्री फोन आला. “दादा, सही मागतायत. इंग्रजीत आहे. वॉर्डबॉय म्हणतो, सही केली की औषध बंद. करू का?” आम्ही गेलो. सासरे ऐंशीच्या पुढचे, फुफ्फुसे जुन्या दम्याने निकामी झालेली, त्यात न्यूमोनिया. कागद वाचला. त्यात हृदय बंद पडल्यास काय करू नये एवढेच होते. औषध बंद करण्याचा शब्द नव्हता. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाई भल्या होत्या. चाळीस रोगी एकट्या पाहत होत्या, तरी पाच मिनिटे बसल्या आणि त्यांनी मराठीत समजावून सांगितले. म्हाताऱ्यांना शुद्ध होती. त्यांनाच विचारले. ते म्हणाले, “छाती बडवू नका. पण हा ताप तेवढा उतरवा.” आमच्या विनंतीवरून बाईंनी कागदाखाली लिहिले, ‘बाकी सर्व उपचार चालू’. ताप उतरला. म्हातारे घरी गेले आणि आणखी पाच महिने ओट्यावर बसून नातवंडांशी भांडले. एका वॉर्डबॉयच्या समजुतीने ते पाच महिने बुडाले असते.

तेव्हा असा कागद असलेला रोगी अचानक कॅज्युअल्टीत आला तर विचार कोणत्या क्रमाने व्हावा? जाणत्या डॉक्टरांना विचारून आणि वाचून आम्हांस जे उमगले ते सांगतो.

पहिला प्रश्न असा की, हृदय आणि श्वास चालू आहेत का? चालू असतील तर ते कलम अद्याप लागूच झालेले नाही. ताप असेल तर तापाचे, रक्त वाहत असेल तर रक्ताचे, वेदना असेल तर वेदनेचे उपचार करावयाचे.

दुसरा प्रश्न, रोगी शुद्धीवर आहे का? असेल तर त्यालाच विचारावयाचे. त्याचा आजचा शब्द हा त्याच्या कालच्या कागदाहून मोठा. माणूस मत बदलू शकतो; तो हक्क कोणताही कागद हिरावून घेत नाही.

तिसरा प्रश्न, जे घडले ते त्या आजाराचा शेवट आहे की वेगळाच अपघात आहे? कर्करोगाच्या रोग्याच्या घशात जेवताना घास अडकला, तर तो घास काढलाच पाहिजे. त्याने कागद लिहिला तो कर्करोगाने येणाऱ्या मरणासाठी; भाकरीच्या तुकड्याने येणाऱ्या मरणासाठी नव्हे. त्याचप्रमाणे असा रोगी पडून मांडीचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया करावयाची झाली, तर भूल देताना हृदय थांबण्याचा धोका हा भुलेचा असतो आणि तो बहुधा सावरता येतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याशी बसून त्या कलमाचा फेरविचार करावा, आपोआप ते चालूही ठेवू नये आणि आपोआप रद्दही समजू नये, असा दंडक अमेरिकेतील भूलतज्ज्ञांनी १९९३ पासून घालून घेतला आहे.

चौथा प्रश्न, कागद खरा आहे का, आणि याच माणसाचा आहे का? शंका असेल तर उपचार सुरू करावेत. कारण उघड आहे. सुरू केलेले मागाहून थांबविता येते. न केलेले मागाहून करता येत नाही.

या शेवटच्या प्रश्नाविषयी अमेरिकेतल्या दोन हकीकती वैद्यकीय मासिकांत आल्या आहेत. एका माणसाच्या छातीवर ‘डी.एन.आर.’ ही अक्षरे गोंदलेली होती. तो पायाच्या शस्त्रक्रियेसाठी आला होता, शुद्धीवर होता. विचारल्यावर म्हणाला, “छे, मला सर्व उपचार हवेत. तरुणपणी पत्त्यांत पैज हरलो, म्हणून हे गोंदून घ्यावे लागले.” ही हकीकत २०१२ साली प्रसिद्ध झाली. दुसरी २०१७ ची, मायामी शहरातली. सत्तरीचा एक माणूस बेशुद्ध आणला. बरोबर कोणी नाही. छातीवर तेच शब्द, ‘नको’ या शब्दाखाली रेघ, आणि खाली सही. डॉक्टर प्रथम म्हणाले, शंका आहे तोवर परत न फिरणारी वाट धरू नये; आणि उपचार चालू ठेवले. मग नीतिविषयक सल्लागारांनी सांगितले की, ही त्याची खरी इच्छा दिसते. पुढे सरकारी दप्तरातून त्याचा रीतसर कागद मिळाला आणि गोंदण खरे ठरले. छाती न दाबता त्याला जाऊ दिले. तेच गोंदण, एकाचे थट्टेचे आणि एकाचे अंतःकरणाचे. नुसत्या खुणेवर माणसाचा जीव ठेवता येत नाही. त्याच्यामागे बोलणे झालेले पाहिजे, असा याचा मथितार्थ.

खुणांचा आणखी एक प्रकार आहे आणि तो अधिक भयंकर आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील एका रुग्णालयात परिचारिकांच्या कार्डांवर जांभळ्या टिकल्या चिकटविल्या जात. टिकली म्हणजे या रोग्याला पुनरुज्जीवन द्यावयाचे नाही. रोगी मेला की कार्ड फाडावयाचे, म्हणजे निर्णय कोणी घेतला याचा मागमूस नाही. रोग्याला विचारले होते की नाही, हेही कळण्यास मार्ग नाही. १९८४ साली चौकशीच्या पंचांनी हे उजेडात आणले, आणि त्यातून न्यूयॉर्क राज्याने १९८७ साली डी.एन.आर.चा कायदा केला. आम्हां कामगारांना ही टिकली ओळखीची वाटते. हजेरीपटावर नावापुढे बारीक पेन्सिलीची खूण असते. पुढच्या कंत्राटात ती नावे नसतात. आणि विचारले तर साहेब म्हणतात, आम्हांला काही माहीत नाही.

यावर कोणी म्हणेल, हे जुने झाले. जुने झाले नाही. २०२० साली करोनाच्या साथीत इंग्लंडमध्ये काही वृद्धनिवासांतील आणि अपंगांच्या निवासांतील माणसांवर अशा सूचना सरसकट लावल्या गेल्याच्या तक्रारी आल्या. तेथील आरोग्यसेवांची तपासणी करणाऱ्या सरकारी आयोगाने चौकशी करून २०२१ साली अहवाल दिला. अनेकांच्या बाबतीत रोग्याशी वा घरच्यांशी नीट बोलणे झालेच नव्हते. जे साधन एकेका माणसाच्या इच्छेचा मान राखण्यासाठी निघाले, ते गर्दीच्या वेळी माणसे वगळण्याचे साधन होऊ शकते. ‘सरसकट’ हा शब्द दिसला की कामगाराने कान टवकारावेत. या विषयातही तेच.

आता आपल्या देशाचा कायदा. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला की, प्रतिष्ठेने मरणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, आणि सज्ञान, शुद्ध बुद्धीच्या माणसाला आपली वैद्यकीय इच्छा आगाऊ लिहून ठेवता येते. प्रथम त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जावे लागे. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती अट सैल केली. आता दोन साक्षीदारांपुढे सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तो कागद साक्षांकित करता येतो. आपण बोलू शकलो नाही तर आपल्या वतीने कोणी बोलावे, त्यांची नावे त्यात लिहावयाची. पुढे वेळ आली तर इस्पितळातील तीन डॉक्टरांचे एक मंडळ आणि मग तीन डॉक्टरांचे दुसरे मंडळ रोग्याची स्थिती पाहणार, शक्यतो ४८ तासांत मत देणार, आणि अंमलापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळविणार.

ही व्यवस्था विचारपूर्वक केलेली आहे. पण घड्याळाकडे पाहा. मंडळाला ४८ तास लागतात, मेंदूला चारसहा मिनिटे पुरतात. शिवाय रुग्णवाहिकेतल्या माणसाने पाहताच ओळखावा असा ठराविक सरकारी कागद, अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात पिवळ्या रंगाचा असतो तसा, आपल्याकडे नाही. तेव्हा ऐन वेळी काही ठरविणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. बोलणे आधी झाले पाहिजे: रोग्याचे डॉक्टरशी, रोग्याचे घरच्यांशी, आणि तो बोलण्याच्या स्थितीत असताना. आपल्याकडे नेमके हेच होत नाही. बाप अंथरुणावर आहे. मुलगे बाहेर व्हरांड्यात डॉक्टरशी कुजबुजतात. “त्यांना सांगू नका” म्हणून विनवितात. बापाला सगळे कळत असते. ज्याचा निर्णय त्यालाच वगळून निर्णय होतो.

आणि मग एक मुलगा परगावाहून फोन करतो, “काहीही करा, पण वाचवा.” त्यात प्रेम असते, आणि जवळ नसल्याची टोचणीही असते. त्या दोन शब्दांवर म्हातारीची बरगडी मोडते. आपल्याकडे माणूस जाताना तुळशीचे पान आणि पाण्याचा घोट मुखी घालण्याची रीत आहे. ती रीत बाळगणाऱ्या घरातले माणूस आज तोंडात नळी असताना, काचेच्या पलीकडे, परक्या हातांखाली जाते. ज्याला हे नको असेल त्याला ‘नको’ म्हणता आले पाहिजे. येथवर आमचे कोणाशी भांडण होणार नाही असे वाटते.

खरे भांडण यापुढे आहे. ते म्हणजे ‘नको’ कोणाचे?

१९८२ च्या नोव्हेंबरात पवनारच्या आश्रमात विनोबाजींना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टर हजर होते, औषधे होती, साऱ्या देशाचे लक्ष तिकडे होते. विनोबाजींनी अन्न, पाणी, औषध सोडले आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. त्यांचे बरोबर की चूक, यावर तेव्हा वाद झाला. आज आम्ही त्यात शिरत नाही. पण ते ‘नको’ निर्विवाद त्यांचे स्वतःचे होते. जे नाकारले ते हातापाशी होते.

आता दुसरे चित्र पाहा. खासगी इस्पितळात आयसीयूचे बिल रोज वाढते आहे. घरचे दागिने गेले, रिक्षा गेली, सावकार दारात. पाचव्या दिवशी बायको कागदावर सही करते: ‘आम्ही रोग्यास स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत.’ इस्पितळाच्या बोलीत याला ‘डामा’ म्हणतात. अँबू बॅगने हवा भरत रोगी नेतात. घराच्या उंबऱ्याशी बॅग थांबते. किंवा सरकारी रुग्णालयात व्हेंटिलेटर मोकळा नसतो. मुलगा, मेहुणा, शेजारी पाळीपाळीने रात्रभर ती बॅग हाताने दाबत बसतात. पहाटे हात थकतात. हेही ‘नको’च झाले. पण ते कोणी म्हटले? रोग्याने म्हटले नाही. डॉक्टरने म्हटले नाही. ते बिलाने म्हटले.

आमच्या धंद्यात याला एक जुनी तोड आहे. कंत्राटदार कामगाराला कोंडतो, कोऱ्या कागदावर सही घेतो आणि म्हणतो, याने राजीनामा दिला. आम्ही त्याला राजीनामा म्हणत नाही, बडतर्फी म्हणतो. कारण ज्याला ‘नाही’ म्हणण्याची सोय नव्हती, त्याचे ‘हो’ खोटे. आणि ज्याला ‘हो’ म्हणण्याची ऐपत नव्हती, त्याचे ‘नको’ही खोटे. डी.एन.आर.च्या कागदाचा आणि ‘डामा’च्या कागदाचा जो घोटाळा आपल्याकडे होतो, तो येथे आहे. एक कागद इच्छेचा आहे, दुसरा नाइलाजाचा. दोन्हींवर सही सारखीच दिसते.

म्हणून हा प्रश्न कामगार चळवळीचा आहे, आणि चळवळीने तो पूर्वी हातीही घेतला आहे. पश्चिम बंगालमधील शेतमजुरांच्या संघटनेचा एक सभासद ८ जुलै १९९२ रोजी मथुरापूर स्टेशनात आगगाडीतून पडला. डोक्याला जबर मार. एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, असा तो फिरला. कोठे खाट नाही, कोठे यंत्र नाही. अखेर खासगी इस्पितळात पैसे भरून जीव वाचला; सुमारे १७,००० रुपये लागले. शेतमजुराला १७,००० रुपये म्हणजे काय, हे १९९२ साली ज्याने मजुरी केली त्याला विचारा. संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. ६ मे १९९६ रोजी निकाल लागला: तातडीचे उपचार वेळेवर न देणे हा सरकारी रुग्णालयाकडून जगण्याच्या हक्काचा भंग आहे, सरकारने २५,००० रुपये भरपाई द्यावी, आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. त्याआधी १९८९ सालीच न्यायालयाने सांगितले होते की, अपघाताच्या रोग्याला वाचविणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य. पोलिसी कागदपत्रे मागाहून.

१९९६ चा निकाल दारात शिरण्याचा हक्क देतो. २०१८ चा निकाल, पुरे म्हणण्याचा हक्क देतो. आमचे म्हणणे असे की, हे दोन हक्क नव्हेत. एकाच हक्काच्या या दोन बाजू आहेत. पहिला खरा झाल्याशिवाय दुसरा खरा होत नाही. ज्या समाजात खाट, ऑक्सिजन आणि औषध माणसाला न मागता मिळते, तेथेच त्याने म्हटलेले ‘नको’ आपण निर्धास्तपणे मानू शकतो. उलट, गरिबाला उपचार मिळत नाहीत म्हणून ‘नको’ म्हणण्याचा हक्कच कोणाला नसावा, असेही आम्ही म्हणत नाही. गरीब माणसाचीही प्रतिष्ठा असते. त्यालाही उशाशी आपली माणसे हवी असतात. पण त्याचा कागद पाहताना डॉक्टरने आणि समाजाने एक प्रश्न जास्त विचारला पाहिजे: पैसा असता तर याने हेच म्हटले असते काय?

आणखी एक गोष्ट. ‘नको’ म्हटल्यानंतरही माणूस जिवंत असतो. त्याला वेदना असते, धाप असते, भीती असते. १९९३ साली केरळात कोळिकोडला काही डॉक्टरांनी वेदनाशामक शुश्रूषेची संस्था काढली. पुढे गावोगावचे साधे स्वयंसेवक त्या कामात शिरले आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागले. मॉर्फीनसारखे वेदनेवरचे औषध मिळणे कायद्याच्या जाचामुळे दुर्मिळ झाले होते. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ती वाट काहीशी मोकळी झाली. छाती दाबू नका, याचा अर्थ हात धरू नका असा नव्हे. ज्या इस्पितळात डी.एन.आर.चा कागद आहे पण वेदनेवर औषध नाही, तेथे तो कागद अर्धा आहे असे समजावे.

व्याख्यान ऐकून माणूस घरी जातो तेव्हा त्याच्या पदरात काही पडले पाहिजे, म्हणून चार गोष्टी सांगून थांबतो. एक, ज्यांच्या घरी दीर्घ आजारी किंवा थकलेले माणूस आहे, त्यांनी त्याच्याशीच बोलावे; दाराबाहेर नव्हे. दोन, असा कागद करावयाचा ठरला तर तो आपल्या भाषेत समजून घ्यावा, आणि काय नको याच्याबरोबर काय हवे तेही लिहून घ्यावे. तीन, कागद कपाटात कुलपात ठेवू नये. घरच्या डॉक्टरांकडे, आपल्या वतीने बोलणाऱ्यांकडे आणि औषधांच्या पिशवीत त्याची प्रत असावी. चार, बिलाच्या भीतीने सही करण्याची वेळ कोणावर आली, तर एकट्याने सही करू नये. रुग्णालयातील समाजसेवा अधिकाऱ्याला गाठावे, सरकारी योजना लागू होते का ते विचारावे, चार माणसे बोलवावीत. एकट्याची सही कशी घेतली जाते, हे कामगाराला कोणी शिकवावयास नको. संघटना म्हणजे तरी काय, सहीच्या वेळी माणूस एकटा नसणे.

हृदय थांबण्याची घटका कोणाला चुकलेली नाही. ती कशी यावी हे आपल्या हाती थोडेच आहे. पण त्या घटकेला आपल्यासाठी कोणी ठरविले, आणि ते आपल्याला विचारून ठरविले की आपल्या खिशाला विचारून, हे मात्र माणसांच्या हाती आहे. जे माणसांच्या हाती आहे ते बदलता येते, एवढ्या एका श्रद्धेवर आमची चळवळ चालते.